साखळीचा वेग

कारखान्यात पहिल्यांदा शिरणारा माणूस दारातच थबकायचा. मान वर, तोंड उघडं. मग मागून कुणीतरी म्हणायचं, "अहो, मिटा ते, पीस जाईल आत!" हा विनोद कारखान्याइतकाच जुना होता, तरी रोज कुणा ना कुणावर व्हायचाच.

मिस्त्रीची अर्धी हयात त्या छपराखाली गेली होती. पण सकाळी मोठ्या दालनात पाय ठेवला की त्याचीही मान वर जायचीच. तिथे छताखालून पोलादी साखळी धावायची. कारखान्याच्या एका टोकाला जिवंत कोंबड्यांचे ट्रक रिकामे होत आणि दुसऱ्या टोकाला बर्फासारखी गार खोकी बाहेर पडत. मधला सगळा प्रवास साखळीचा. पिसं उपटणारी रबरी बोटांची पिंपं, फवाऱ्यांचा बोगदा, थंड पाण्याचे हौद, आणि शेवटी कापणीचं लांबच लांब दालन. तिथे साखळीच्या दोन्ही अंगांना बायका सुऱ्या घेऊन उभ्या असत. प्रत्येकीचा एकच काप, कुणी पंखाचा, कुणी मांडीचा, कुणी छातीचा. एक तुकडी जेवायला गेली की दुसरी तिच्या जागी यायची, पण साखळी थांबायची नाही. साऱ्या मुलखाची आणि समुद्रापलीकडच्याही कितीतरी लोकांची ताटं त्या साखळीला टांगलेली होती.

साखळीची मालकी थोरल्या साहेबांची, पण तिची नाडी मिस्त्रीच्या हातात. कापणीच्या दालनावर, उंचावर, काचेची एक केबिन होती. तिथे एक काळी मूठ होती. ती उजवीकडे वळवली की साखळी जोरात, डावीकडे वळवली की सावकाश. ह्या मुठीला हात लावायचा तो फक्त मिस्त्रीने. साखळीचा एखादा आकडा जरी घासू लागला तरी त्याला जेवताना घास गोड लागत नसे. बायको चेष्टेने म्हणायची, "माझ्या सवतीची तब्येत कशी आहे आज?"

तीही तिथेच कामाला होती, मांडीच्या कापावर. पण केबिनमधून खाली पाहिलं की नुसत्या पांढऱ्या टोप्यांच्या दोन रांगा दिसायच्या. त्यातली आपल्या बायकोची टोपी कोणती, हे मिस्त्रीला कधीच ओळखू आलं नाही.

थोरल्या साहेबांबद्दल तर काय सांगावं! हा माणूस एके काळी सायकलला पिंजरा बांधून गल्लोगल्ली कोंबड्या विकायचा. बाजाराच्या कोपऱ्यावर लाकडाचा ओंडका मांडून स्वतः कापून द्यायचा. त्याची सुरी बघायला लोक उभे राहत. गिऱ्हाईक पिशवी उघडेपर्यंत कोंबडीचे सांधे सुटलेले असत, आणि एकही हाड मोडलेलं नसे. पैज लागली तर डोळ्यांवर फडकं बांधून कापायचा म्हणे. मग नदीकाठी पत्र्याची शेड आली, शेडचा कारखाना झाला. पहिली साखळी बसवली तेव्हा मिस्त्री पोरसवदा होता. साहेब कोपरापर्यंत वंगणात माखून त्याच्या शेजारी उताणे पडले होते आणि नट आवळत होते. साखळी पहिल्यांदा फिरली तेव्हा दोघंही लहान मुलांसारखे तिच्या मागे धावले होते. एकदा शीतगृहात अमोनियाची नळी फुटली, तर हाच माणूस तोंडाला ओलं फडकं बांधून आत शिरला आणि बेशुद्ध पडलेल्या दोघांना खांद्यावर टाकून बाहेर आला. मिस्त्रीने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. देव कसा असतो असं कुणी विचारलं असतं, तर त्याने ओलं फडकं बांधलेला माणूस सांगितला असता.

पुढे शहर कंपनीचं झालं. शाळा कंपनीची, दवाखाना कंपनीचा, रस्त्यावरचे दिवेही कंपनीचे. आता कंपनीच्या दिव्याखाली बसून कंपनीला नावं कोण ठेवणार? नदीला पिसांची साय आली आणि मासे उलटे तरंगले, तेव्हा लोक नाकाला रुमाल लावून पूल ओलांडत राहिले. आजारी कोंबड्या साखळीवर चढवल्याची ओरड वर्तमानपत्रांतून झाली, खटला झाला, तारखा पडत गेल्या आणि खटला विसरला गेला. तोवर साहेब थकले होते. कारभार धाकट्या साहेबांकडे, म्हणजे मुलाकडे गेला होता. त्यांच्या काळात अमोनिया पुन्हा एकदा सुटला. त्या वेळी ओलं फडकं बांधून कुणी आत गेलं नाही. साफसफाईचा एक माणूस दगावला, आणि त्याचं हृदय आधीपासूनच कमजोर होतं असं कंपनीच्या दवाखान्याने सांगितलं.

मिस्त्री हे सगळं ऐकून होता. पण दोष साखळीचा नव्हता, नळी दुसऱ्या खात्याची होती. आपण बरे नि आपलं काम बरं. धाकटे साहेब दर थोड्या महिन्यांनी म्हणत, "मिस्त्री, अजून थोडी पळेल का?" मिस्त्री चाकं तपासायचा, वंगण बदलायचा आणि छाती फुगवून सांगायचा, "पळेल ना, साहेब." आणि ती पळायची.

घरी बायकोच्या हातून कप निसटायचा. कपड्यांची गुंडी लावताना तिची बोटं अडखळायची. "हाताला मुंग्या येतात," ती म्हणायची. मिस्त्री सांगायचा, "तेल चोळ." बस्स, एवढंच. दोघांच्या पाळ्या वेगवेगळ्या, बोलायला सवड कुठली!

मग त्या साफसफाईवाल्याच्या भावाने वरपर्यंत तक्रारी केल्या आणि सरकारने चौकशी समिती बसवली. समिती येणार त्या सकाळी धाकटे साहेब जिना चढून केबिनमध्ये आले. "मिस्त्री, आज जरा हळू. पाहुणे जाईपर्यंत."

मिस्त्रीने मूठ डावीकडे वळवली. समितीची माणसं पांढरे डगले घालून आली, त्यांच्याही माना वर झाल्या, त्यांचीही तोंडं उघडी राहिली. त्यांनी घड्याळ लावून साखळी मोजली आणि समाधानाने माना डोलावल्या. ते गेले आणि मूठ पुन्हा उजवीकडे आली.

संध्याकाळी बायको घरी आली ती खुशीत. पायातले बूट काढता काढता म्हणाली, "आज काय झालं होतं कोण जाणे, साखळी कशी माणसासारखी चालत होती. मी पाणी प्यायले आज! कामावर पाणी प्यायले."

"म्हणजे? एरवी पीत नाहीस?"

"पाणी प्यायलं की जावं लागतं. गेलं की जागा रिकामी राहते. मग मुकादम बाई सगळ्यांदेखत ओरडते. त्यापेक्षा नकोच ते." मग हसून म्हणाली, "बिघडली होती का तुझी साखळी?"

"बिघडेल कशाला!" मिस्त्रीला ते लागलं. "मीच हळू केली होती. साहेबांनी सांगितलं, पाहुणे आहेत म्हणून."

बायकोचा एक बूट हातातच राहिला.

"तू हळू केलीस?"

"मग कोण करणार? मूठ माझ्याच हातात असते."

"मला वाटायचं ती आपली आपण धावते," ती हळूच म्हणाली. "म्हणजे मोटारच तशी असेल. आम्हाला सगळ्यांनाच वाटायचं. दरवेळी ती पळायला लागली की आम्ही म्हणायचो, मोटार नवीन आणली वाटतं." तिने उजवा हात त्याच्यासमोर धरला. बोटं अर्धवट मिटलेली होती. "उघड बघू," ती म्हणाली.

मिस्त्रीने ती बोटं उघडायचा प्रयत्न केला. मेलेल्या पक्ष्याच्या पायासारखी ती पुन्हा मिटली. गंजलेला नट कसा सोडवायचा हे त्याला ठाऊक होतं. इथे काय करावं ते कळेना.

"कधीपासून?"

"तू ती पळवायला लागलास तेव्हापासून."

ती रागावली नव्हती, ओरडलीही नव्हती. त्याला तेच जास्त जड गेलं.

काही दिवसांनी कारखान्यात गडबड उडाली. परदेशातले मोठे खरेदीदार येणार होते आणि साखळीचा जोर बघून करार करणार होते. थोरल्या साहेबांनाही त्या दिवशी मुद्दाम आणायचं ठरलं, कारण संस्थापकाला बघितलं की पाहुणे भारावतात. धाकटे साहेब म्हणाले, "मिस्त्री, त्या दिवशी कधी पळाली नाही इतकी पळवायची."

मिस्त्रीने घरी सांगितलं. बायको म्हणाली, "नको करूस."

"मी नाही केलं तर दुसरा करेल. मूठ काय, कुणीही वळवेल."

"बरं," ती म्हणाली.

तिचं 'बरं' मिस्त्रीला लग्नापासून माहीत होतं. वादळाआधी वारा पडतो तसं ते असायचं.

पाहुण्यांचा दिवस उजाडला. केबिनमध्ये धाकटे साहेब, सूट घातलेले खरेदीदार, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत काठीवर हनुवटी टेकून बसलेले थोरले साहेब. म्हातारे फार वाळले होते. मिस्त्री वाकून भेटला तर म्हणाले, "काय रे, धावतेय ना आपली पोरगी?"

"वाढवा," धाकटे साहेब म्हणाले.

मिस्त्रीने मूठ वळवली. साखळीचा सूर चढला. "अजून." अजून वळवली. खालच्या टोप्या वाऱ्यावरच्या कणसांसारख्या हलू लागल्या. "अजून थोडी." मूठ जिथवर जात होती तिथवर गेली. केबिनची काच थरथरू लागली. खरेदीदार एकमेकांकडे पाहून हसले.

आणि मग खालच्या टोप्या हलायच्या थांबल्या.

मिस्त्रीला आधी कळलंच नाही. साखळी तशीच धावत होती, कोंबड्या येत होत्या, पण अख्ख्याच्या अख्ख्या पुढे जात होत्या. पंख अंगावर, मांड्या अंगावर. दालनाच्या शेवटी त्यांचा ढीग पडू लागला, ढिगाची टेकडी झाली आणि टेकडी घसरून जमिनीवर पसरू लागली. रांगेतली प्रत्येक बाई सुरी खाली ठेवून उभी होती. प्रत्येकीचे दोन्ही हात डोक्याच्या वर होते, हातमोजे काढलेले. काचेतून दिसत होते ते नुसते हात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वाकडी बोटं, सुजलेली मनगटं, पट्ट्या बांधलेले अंगठे. कुणी घोषणा देत नव्हतं, कुणी हलत नव्हतं. इतकी वर्षं त्या दालनावर बसून मिस्त्रीने हात कधी पाहिलेच नव्हते.

"पहारेकऱ्यांना बोलवा!" धाकटे साहेब गरजले. "दारं लावा!"

थोरले साहेब काठी टेकत उठले. "मला खाली घेऊन चला," ते म्हणाले. "नाही, तू नको," मुलाला म्हणाले, आणि एकटेच जिना उतरू लागले. एकेक पायरी, कठडा धरून. वरचे सगळे काचेपाशी आले.

ते खाली पोचले. रांगेतल्या एका बाईसमोर उभे राहिले. तिने हात खाली घेतला आणि आपली सुरी त्यांना दिली, मूठ त्यांच्याकडे करून. ती मान तिरकी करायची लकब मिस्त्रीने ओळखली. ती त्याची बायको होती.

म्हाताऱ्याने काठी तिच्याकडे दिली, कोटाची बाही मागे सारली आणि समोरून येणाऱ्या कोंबडीची मांडी धरली.

आणि काय सांगावं! एका क्षणात साठ वर्षं गळून पडली. मनगट वळलं न वळलं तोच सांधा सुटला. दुसरी, तिसरी. सुरी पाण्यातल्या माशासारखी फिरत होती. बायकांचे वर गेलेले हात तसेच राहिले, पण सगळ्या माना तिकडे वळल्या. आजी-आजोबांकडून ऐकलेली गोष्ट डोळ्यांसमोर उभी होती. केबिनमधला एक खरेदीदार नकळत टाळ्या वाजवू लागला.

पण साखळी काही गोष्टीतली नव्हती. ती येतच राहिली. एक कोंबडी सुटली. म्हाताऱ्याने पुढे झुकून तिला गाठलं, तोवर मागची दोन निघून गेली होती. त्यांनी दम घेतला, पुन्हा हात घातला. पुन्हा सुटली. कपाळावरचा घाम डोळ्यांत गेला, तो पुसायला उसंत नव्हती. मिस्त्रीची बायको काहीतरी म्हणाली, बहुधा "राहू द्या, बाबा." त्यांनी मान हलवली. बाजारात पैज घेणारा माणूस होता तो, सहज हटणारा नव्हता. सुरी निसटली, त्यांनी ती पुन्हा पकडली. पुन्हा निसटली आणि ती खाली पडली.

मग त्यांनी वर पाहिलं. थेट काचेकडे, मिस्त्रीकडे. त्यांनी नुसता हात वर केला, बाकीच्या सगळ्या हातांसारखा.

"हात लावू नका मुठीला," धाकटे साहेब मिस्त्रीच्या कानाशी म्हणाले. "ऐकताय ना?"

मिस्त्रीने ऐकलं. आणि मूठ डावीकडे वळवली, शेवटपर्यंत.

साखळी थांबली. कोंबड्या झुलल्या आणि स्थिर झाल्या. तिचा आवाज थांबल्यावर मिस्त्रीला उमगलं की इतकी वर्षं तो आवाज होता. घरीही तो त्याच्या कानात असे, झोपेतही असे. आता खाली कुठेतरी टिपटिप पाणी गळताना ऐकू येत होतं. त्या एवढ्या अफाट दालनात पाण्याचा एक थेंब ऐकू येत होता.

"रोज?" थोरले साहेब मिस्त्रीच्या बायकोला विचारत होते. हळूच विचारत होते, तरी केबिनच्या उघड्या दारातून वरपर्यंत ऐकू आलं.

"आज जास्त होती," ती म्हणाली. "पण रोज, बाबा."

म्हाताऱ्याने तिचा मिटलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांची बोटंही आता उघडत नव्हती.

पुढे ज्या गोष्टी व्हायच्या त्या झाल्या. खरेदीदार करार न करता परतले. मिस्त्रीला दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं. हात वर करणाऱ्यांपैकी काही बायकांनाही. त्यांच्यात मांडीच्या कापासमोर उभी राहणारी, दणदणीत आवाजामुळे सगळ्या जिला 'तोफ' म्हणत ती बाई होती. ती फाटकापाशी उभी राहून धाकट्या साहेबांच्या गाडीला रोज न चुकता नमस्कार करायची आणि विचारायची, "साहेब, हात बरे आहेत ना?"

ह्या प्रकाराचा बोभाटा झाला तेव्हा चौकशी समिती पुन्हा बसली आणि तिने सगळ्यांना साक्षीला बोलावलं. मिस्त्रीने समितीसमोर सांगितलं की तुम्ही मोजलेला वेग एका सकाळपुरता होता. कंपनीचे वकील हुशार होते. ते म्हणाले, हा कामावरून काढलेला माणूस, ह्याच्या शब्दाला किंमत काय? असा वेग कधी नव्हताच. कुणी पाहिलाय?

तेवढ्यात मागचं दार उघडलं. नर्सने ढकलत आणलेल्या चाकाच्या खुर्चीत थोरले साहेब होते. घरच्यांना पत्ता लागू न देता आले होते म्हणे. सुनावणीला आलेली झाडून सगळी माणसं उभी राहिली, कंपनीचे वकीलसुद्धा. म्हातारे बसल्या जागेवरून म्हणाले, "मी पाहिलाय. मी त्या जागी उभा होतो. ही कंपनी मी काढली आणि तिथे मला उभं राहता आलं नाही." मग म्हणाले, "आणि तो साफसफाईवाला. त्याचं हृदय चांगलं होतं. आमचं कमजोर होतं. तेही लिहून घ्या."

धाकटे साहेब भिंतीकडे बघत होते. त्या दिवसानंतर बाप-लेक एकमेकांशी बोलले की नाही, हे कुणालाच ठाऊक नाही. म्हातारे पुढच्या थंडीत गेले. त्यांच्या अंत्ययात्रेला शहर लोटलं. नदीच्या नावाने त्यांना शिव्या देणारेही त्यात होते आणि तेही रडत होते. असा माणूस बघायला मिळणं आणि त्याच्यावर रागावायची वेळ येणं, दोन्ही एकाच जन्मात घडलं होतं.

निकाल लागला. वेगाला मर्यादा आली, प्रत्येक कापावर एकीऐवजी दोघी आल्या, पाणी प्यायला आणि जाऊन यायला सुटी आली. आजारी कोंबड्यांचा खटला मात्र अजून चालूच आहे. मिस्त्रीला परत घ्यावं लागलं, कारण दुसऱ्या कुणाचं साखळी ऐकेना. बायकोच्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली. तीन बोटं उघडली, दोन नाही उघडली. ती कामावर परत गेली नाही. कारखान्यातल्या बायकांनी संघटना काढली आणि संघटनेच्या कारखान्यातल्या खोलीत तिला बसवलं. आता मुकादम बाई ओरडायला तोंड उघडण्याआधी एकदा त्या खोलीच्या दाराकडे बघते.

मिस्त्री परत रुजू झाला तो दिवस साधाच होता. केबिनमध्ये बसून त्याने साखळी सुरू केली, ठरलेल्या वेगावर. खाली टोप्या हलू लागल्या. पण काहीतरी निराळं होतं. टोप्या एकमेकींकडे वळत होत्या, मध्येच मागे झुकत होत्या. बिघाड तर नाही? त्याने केबिनचं दार उघडलं आणि जिन्यावर येऊन कान दिला.

खाली बायका बोलत होत्या. तोफ, तीही परत आली होती, आपल्या नवऱ्याची कसलीशी फजिती सांगत होती. तिच्या आजूबाजूच्या साऱ्या जणी हसत होत्या आणि हसता हसता काप घेत होत्या. तो आवाज साखळीच्या वर चढत होता आणि छपरापर्यंत पोचत होता. एवढ्या वर्षांत साखळी धावत असताना त्या दालनात माणसाचं बोलणं त्याने कधी ऐकलं नव्हतं.

मिस्त्री पायरीवर बसला. पुढे काय झालं त्या नवऱ्याचं, ते त्याला ऐकायचं होतं.